दाराबाहेरचा आवाज

मावशी गेल्याचा निरोप मला हिंगोलीच्या दवाखान्यात मिळाला. मी तिथं नर्स आहे. गावाकडून बाजाराला आलेल्या गाडीवानानं फाटकातूनच सांगितलं, आणि परतीच्या रिकाम्या गाडीत बसून मी त्याच्याबरोबर निघाले. त्याला आता पाच आठवडे झाले... पण मला लिहायचं आहे ते मावशीला माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी कळलेल्या गोष्टीबद्दल.

सालोमीमावशी माझ्या आईची थोरली बहीण. आई वारली तेव्हा मी चार वर्षांची होते. मावशी विधवा, मूलबाळ नाही. तिनंच मला वाढवलं. नर्सीच्या वाटेवरच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं तीनच. मावशी शुभवर्तमान सांगत पायी खेडी फिरायची, आजारी माणसांची सेवा करायची. तिनं मला कधी मारलं नाही, पण तिची शिस्त कडक होती. एकदा मी कुणाच्या मळ्यातले पेरू तोडले आणि घरी खोटं बोलले. तिनं मला मळेवाल्यापुढं नेऊन कबूल करायला लावलं. संध्याकाळी माझं ताट वाढलं नाही, आणि स्वतःचंही नाही. मी रडत म्हटलं, तू तरी जेव. ती म्हणाली, "लेकरू उपाशी अन् मी जेवू व्हय? शिक्षा तुला हाय, पण एकटीला न्हाई." मग प्रार्थनेला बसल्यावर तिनं क्षमा मागितली ती दोघींसाठी.

मी अकरा वर्षांची असताना गावात पटकीची साथ आली. बरीचशी माणसं रानात झोपड्या घालून राहायला गेली. मावशी मात्र मागं राहिलेल्या आजाऱ्यांकडं जाऊ लागली. जाण्याआधी तिनं मला घरात ठेवलं, उकळलेल्या पाण्याच्या दोन घागरी आणि भाकरी दिल्या, आणि माझे खांदे धरून सांगितलं, "मी सांगाया येईपर्यंत आतून कडी काढायची न्हाई. माझ्या अंगावर ते दुखणं असंल. मी बरी हाय का, हे आधी खिडकीतून बघायचं. खिडकीत दिसले न्हाई, तर मी हाक मारली तरी उघडायचं न्हाई."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती हाक आली.

गाव इतकं शांत होतं की माश्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. दाराखालच्या फटीतून येणारा उजेड अचानक अडला आणि कुणीतरी लाकडावर नखं ओढली. "रुथ, दार उघड." आवाज मावशीचा होता, पण तो खालून, उंबऱ्याच्या उंचीवरून येत होता. मी खिडकीतून पाहिलं तर बाहेर कुणी उभं नव्हतं. "रुथ... पाणी." माझा हात कडीवर गेला. मग बराच वेळ काहीच नाही. आणि एकाएकी त्याच जागेवरून, त्याच आवाजात, फार हळू, "उघडू नको."

मी कडी सोडली आणि कोपऱ्यात जाऊन तोंडावर गोधडी घेतली. पुन्हा पाहिलं तेव्हा फटीतला उजेड मोकळा झाला होता.

संध्याकाळी शेजारची पिंजाऱ्याची चांदबी खिडकीशी आली. मावशी दुसऱ्या गावाला अडकलीय, तू आतच राहा, असं म्हणाली आणि रोज खिडकीतून भाकरी देत राहिली. भिंतीपलीकडून, तिच्या पडवीतून, दोन दिवस कुणाचं तरी कण्हणं ऐकू यायचं. मी विचारलं तर म्हणाली, आमच्या घरात दुखणं हाय.

पंधरा-सोळा दिवसांनी मावशी खिडकीत उभी राहिली. हाडांवर नुसती कातडी उरली होती. मी दार उघडून सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "तू उघडलं का?" मी म्हटलं, न्हाई. "मग बराबर केलंस," असं म्हणून तिनं माझं डोकं पोटाशी धरलं. बाहेर कोण होतं, ते मात्र तिनं सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. मावशीच्या आवाजात दुसरंच काहीतरी आलं होतं, अशी माझी समजूत झाली. पुढं कित्येक वर्षं तिनं मागून हाक मारली की मी आधी तिचे पाय बघायची. ते तिच्या ध्यानात आलं होतं. ती थांबायची, मला पुरतं बघू द्यायची, मग बोलायची.

मातीच्या दुसऱ्या दिवशी चांदबी आली. यंदा राज्य पालटलं त्या धामधुमीत जिवाच्या भीतीनं तिचं कुटुंब गाव सोडून गेलं होतं. मावशीचं कळल्यावर ती एकटीच चालत आली. माझ्यासमोर बसून म्हणाली, "बेटी, आता सांगायला हरकत न्हाई. ती तुझी मावशीच व्हती."

त्या दिवशी घरी येताना वाटेतच मावशीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या होत्या. रांगत ती दारापर्यंत आली, तहानेनं भान सुटलं आणि तिनं हाक मारली. चांदबी आवाज ऐकून धावत आली, तेव्हा मावशीनं कपाळ दाराला टेकवलं होतं. दात घट्ट आवळून ती दोन शब्द म्हणाली, आणि मग चांदबीनं तिला ओढत आपल्या पडवीत नेलं.

"मला का न्हाई सांगितलं तिनं?" मी विचारलं. "मी तिला भूत समजत राहिले."

चांदबी म्हणाली, "मीबी तेच म्हनलं व्हतं. तर म्हनाली, भिऊ दे थोडं. पोरीला कळलं तर पुढच्या वक्ताला ती दार उघडील."

चांदबी गेल्यावर मी घराबाहेर आले आणि दार ओढून घेतलं. तशीच दुपार गावात उतरली होती, माश्या घोंगावत होत्या. मी उंबऱ्याशी आडवी झाले आणि कपाळ लाकडाला टेकवलं. इथून आतलं सगळं ऐकू येतं, हे मला ठाऊक नव्हतं. घागरीवरचं झाकण हललं तरी कळतं. म्हणजे त्या दिवशी माझा हात कडीवर पडला, ते तिनं ऐकलं होतं.