गोचिडीचं औषध

डाळिंबावर फवारून पंपात थोडं औषध उरलं होतं. कुत्र्याच्या अंगावर गोचिडी झाल्या होत्या, म्हणून सासऱ्यांनी ते उघड्या हातानं त्याला चोळलं. मी बावड्याहून बाजार करून, दमून घरी आले तेव्हा कुत्रं अंगणात थरथरत होतं आणि त्याच्या तोंडातून लाळ गळत होती.

“आबा, फवारणीचं औषध लावलंत त्याला?”

“व्हय. झाडावरची कीड मरतीय, मग गोचिडी न्हाय व्हय मरायच्या?”

बोलता बोलता ते ओट्यावर बसले. त्यांनाही मळमळत होतं. पिशव्या तशाच टाकून मी त्यांचे हात आणि कुत्रं साबणानं धुतलं, दोघांना एकाच गाडीत घातलं.

“आदी त्याला दाव, मला काय हुतंय,” असं ते वाटभर म्हणत राहिले. मी ऐकलं नाही. त्यांना दवाखान्यात सलाईन लागल्यावरच कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. दोघंही वाचले.

आता औषधांच्या खोलीची किल्ली माझ्याकडं असते. रोज स्वयंपाकाआधी चिमट्यानं गोचिडी वेचायचं कामही माझ्याकडंच आलंय. आबा शेजारी बसून सांगतात, “कानामागं एक ऱ्हायली बघ.”