माळावर नेलेली बादली

लग्न होऊन मी म्हैसूरला आले तेव्हा सासरी पिण्याचं पाणी घागरीत असे, आंघोळीला जस्ताची बादली आणि सड्याला, गोठ्याला पत्र्याची. एकीचं पाणी चुकून दुसरीत पडलं, तर सासूबाई ते सगळं मोरीत ओतायला लावत.

त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत उंदीर मरून पडू लागले. प्लेगसाठी दरबारने चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी, माळावर झोपड्या बांधल्या होत्या. यजमान दरबारच्या पागेत नोकरीला, दुपारी ते गाडी घेऊनच आले, म्हणाले, "निघा." घाईत जस्ताची बादली हाताला लागली. तीत तांदूळ, मीठ, दिवा भरला आणि मांडीवर घेऊन मी गाडीत बसले.

माळावर तीच सगळ्याला. पाणी आणायला, धुण्याला, संध्याकाळी उपडी घालून बसायलाही. पहिल्यांदा तीत तांदूळ धुताना मी बिचकले. सासूबाई म्हणाल्या, "बघतेस काय? घासून घे आणि भर."

थोड्याच दिवसांत त्यांना ताप चढला, काखेत गाठ आली. त्यांच्या ओकाऱ्या, फडकी, सगळं त्याच बादलीत. मी ती राखेने घाशी, उकळतं पाणी ओती आणि पुन्हा विहिरीवर नेई.

"मला शिवू नकोस गं," त्या एकदा म्हणाल्या.

"मग पाणी कोण देणार तुम्हाला?"

त्यांनी डोळे मिटून घेतले.

एका सकाळी त्या गेल्या. पुरुषमाणसं त्यांना घेऊन गेली, सरकारी माणसांनी अंथरूण जाळलं. आंघोळ करायची म्हणून मी विहिरीवर गेले. पोहरा सोडत होते, ओढत होते, बादलीत ओतत होते. शेजारच्या झोपडीतल्या कानडी बाईने माझं मनगट धरलं. "साकु, अम्मा, साकु." पुरे, पुरे. खाली पाहिलं. पाणी केव्हाचं काठावरून वाहत होतं आणि माझे पाय चिखलात होते. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. भूक लागली होती, तेवढंच कळत होतं.

साथ ओसरल्यावर घरी आलो. भिंतींना चुना मारलेला, ऊन यावं म्हणून मधली कौलं काढलेली. यजमान उंबऱ्याशीच थांबले.

"चूल पेटवतेस?" त्यांनी विचारलं.

पेटवली. ऊन थेट पानांवर पडत होतं. आम्ही जेवलो, आणि ते पागेत गेले.