बिननावाच्या गोळ्या

"नाव कळून काय करणार? दवाखाना टाकणार?" डॉक्टर म्हणाले. मग बाकावरच्या पेशंटांकडे बघून, "या लोकांना जरा जवळ केलं की लगेच हक्क आठवतात."

सगळे हसले. समोर उभे होते माझे बाबा. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "साहेब, या गोळीचं नाव काय हो?" मी काउंटरवर पुड्या बांधत होते. मीही हसले. नोकरी जाईल ही भीती, दुसरं काही नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि पुडी खिशात घातली. ते बघणं अजून माझ्या मानगुटीवर बसलंय.

भोसरीतला दवाखाना. शिफ्ट सुटली की कामगारांची रांग लागायची. माझ्यामागे फळीवर प्लॅस्टिकचे बारा डबे, त्यांवर फक्त आकडे. डॉक्टर आतून ओरडायचे, "चार, सात, नऊ." मी गोळ्या काढून कागदात बांधायची. दोनच दिवसांच्या, म्हणजे तिसऱ्या दिवशी माणूस तपासणीचे पैसे घेऊन परत येतो. नाव कळलं तर तीच गोळी मेडिकलमध्ये स्वस्तात घेईल, म्हणून डबे डॉक्टर स्वतः भरायचे, दार लावून. हे सगळं मला कळत होतं. पगार मिळत होता.

बाबांचा जन्म लेथवर उभं राहण्यात गेला. गुडघे कामातून गेलेले. चार नंबरनं दुखणं पळायचं. पुढे चेहरा सुजला, तर डॉक्टर म्हणाले, तब्येत सुधारतेय. आई कौतुकानं म्हणायची, "तोंडावर तेज आलंय."

एका दुपारी कंपनीतच त्यांना रक्ताची उलटी झाली. मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी घाईनं विचारलं, "पोटात जखम झालीय, गोळ्यांनीच असेल. कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

"चार नंबर," मी म्हणाले. "आणि सात."

"नाव सांगा."

मला सांगता येईना. पाच वर्षं गोळ्या वाटणारी मी! आमच्या डॉक्टरांना फोन लावला. "असलं फोनवर सांगत नसतो," म्हणाले आणि कट केला.

दुसऱ्या दिवशी बाबा गेले. नाव कळलं असतं तर वाचले असते का? कुणी सांगत नाही. भाकरी थापताना, बसमध्ये, मी स्वतःलाच विचारते. शेजारची पोरगी चारचा पाढा म्हणायला लागली की मी उठून आत जाते.

जलदान विधी झाला आणि मी कामावर गेले. चिखलीची एक आजी गुडघे धरून आली होती. आतून आवाज आला, "चार, सात."

मी डब्याला हात लावला नाही. "नावं सांगा. पुडीवर लिहायचीत."

डॉक्टर बाहेर आले. "बाप गेला म्हणून डोकं फिरलंय का तुझं? गप बांध."

"नावं सांगा."

आजी हळूच म्हणाली, "सांगा की डॉक्टर. म्या काय खाती, मला बी कळू द्या."

डॉक्टरांनी मला त्याच मिनिटाला काढलं. मी सरळ घरी येऊन पोलिसांत द्यायची तक्रार लिहायला बसले. ओळखीच्या एक वकीलताई म्हणाल्या, "पुड्या तुम्ही बांधल्या हे लिहू नका. अडकाल."

मी तेच पहिल्या ओळीत लिहिलं. पाच वर्षं पुड्या मी बांधल्या. माझ्या बापाची पुडीसुद्धा मीच बांधली. डॉक्टरांना बोलवा आणि त्यांच्या शेजारी मला उभं करा. जी शिक्षा व्हायची ती दोघांना होऊ दे. मी एक शब्द मागे घेणार नाही.