रिकामी बरणी परत करू नये

जुन्या काचेच्या बरण्या जमवणाऱ्यांना घरातली जागा संपली की थांबावं लागतं. किश्शांना कपाट लागत नाही, त्यामुळे ते साठतच जातात. टोकियोत, ओजिमातल्या आमच्या दोन खोल्यांत सात बरण्या आहेत. किस्से किती आहेत ते माझ्या नवऱ्याला विचारा, त्याला सगळे पाठ आहेत. नाइलाजाने!

या बरण्या म्हणजे इंग्लंडमधल्या मिठाईच्या दुकानांत पूर्वी गोळ्या भरून फळीवर मांडत असत त्या. जाड काच, आत कुठेतरी अडकलेला हवेचा बुडबुडा आणि वर काचेचंच घट्ट झाकण. त्या विलायतेहून कंटेनरमधून जपानला येतात आणि इथे आमच्यासारखी मराठी माणसं त्या विकत घेतात. कशाला कुठे गिऱ्हाईक मिळेल, काही सांगता येत नाही.

*

पहिली बरणी मी योकोहामात घेतली, मोरिता-सानच्या दुकानात. स्टेशनपासून दहा मिनिटं चढ चढून जायचं. दुकान एवढंसं आणि मोरिता-सान सत्तरीच्या, बोलणं अगदी मोजकं. मी बरणी हातात घेऊन स्वतःशीच म्हटलं, "लिंबाचं लोणचं मस्त राहील यात."

मागून आवाज आला, "लोणचं नको. झाकण चिकटून बसेल, मग फोडावं लागेल."

मी दचकलेच. मागे साठीच्या आसपासचे एक गृहस्थ उभे होते. हे गोखलेकाका. एका ट्रेडिंग कंपनीसाठी वीसहून जास्त वर्षं योकोहामात राहिलेले. ओळख ना पाळख, आधी सल्ला! ते पुण्याचे आहेत हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

*

काकांकडे एक बिनझाकणाची बरणी होती. तिच्यासाठी त्यांनी टोकियोतले सगळे जुने बाजार पालथे घातले. ऑफिसच्या बॅगेत लॅपटॉप कमी आणि झाकणं जास्त. अकरा झाकणं घरी आणली, अकराही बसली नाहीत. एक सैल, एक घट्ट, एक बसल्यासारखं वाटायचं आणि हात काढला की डुगडुगायचं.

शेवटी मोरिता-सानना दया आली. त्या म्हणाल्या, "गोखले-सान, यातलं प्रत्येक झाकण आपल्या एकाच बरणीच्या तोंडात फिरवून फिरवून घासलेलं असतं. ते दुसरीला बसत नाही."

"मग अकरा झाकणं घेईपर्यंत बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

काका मला म्हणाले, "वैदेही, पुण्यातल्या स्थळांचेसुद्धा एवढे नखरे नसतात गं."

*

आमच्याकडे कचऱ्याचे वार पाठ असावे लागतात. कागद कधी, बाटल्या कधी. एका बाटल्यांच्या वारी नवऱ्याने खालच्या क्रेटमध्ये माझी नवीन बरणी नेऊन ठेवली. काच दिसली, रिकामी दिसली, टाकली. माणूस इंजिनिअर आहे, विचार सरळ रेषेत करतो.

संध्याकाळी दारावर टकटक. तळमजल्यावरचे आजोबा बरणी घेऊन उभे. त्यांनी ती धुतली होती, पुसली होती आणि झाकण वेगळं कागदात गुंडाळलं होतं. म्हणाले, "ही टाकायची नसावी, असं वाटलं." आणि वाकून निघून गेले.

नवरा म्हणाला, "या देशात हरवलेली छत्री परत येते हे ऐकलं होतं. इथे कचरासुद्धा परत येतो!"

*

आता गोखलेकाकांच्या घरातल्या बरणीचं सांगते.

एका नव्या वर्षाला मोरिता-साननी त्यांच्याकडे बरणीतून साखरेच्या रंगीत गोळ्या पाठवल्या. भेट होती ती गोळ्यांची. बरणी दुकानातली, विकायची, बुडाला किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच. ती परत करायची होती. पण काकू म्हणाल्या, "रिकामं भांडं कसं पाठवायचं?" त्यांनी शंकरपाळे करून भरले.

जपानमध्ये कोणी काही दिलं की परतभेट द्यावीच लागते. मोरिता-साननी बरणीत तांदळाच्या खारट चकत्या भरून पाठवल्या. काकूंनी चिवडा पाठवला. तिकडून सुकवलेली आलुबुखारं आली. असं नऊ वर्षं चाललं. काकूंना जपानी येत नव्हतं, मोरिता-सानना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. दोघींनाही वाटायचं की समोरचीला ही बरणी फारच आवडलेली दिसते.

*

काकू गेल्या तेव्हा बरणी काकांकडे होती. पाच महिने ती तशीच ओट्यावर. मग एका रविवारी काका बरणी घेऊन ओजिमाला आले आणि म्हणाले, "मला शंकरपाळे शिकव."

मोहन कमी पडलं, साखर जास्त झाली. माझ्या लेकीने एक तोंडात घातला आणि तिच्या नेहमीच्या जपानीत म्हणाली, "काताइ." म्हणजे कडक. काकांनी तरी ते भरले आणि नेऊन दिले. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा मोरिता-सान चहात बुडवून एकेक शंकरपाळा खात होत्या. मी म्हटलं, "बिघडलेत हो ते."

त्या म्हणाल्या, "हे हळूहळू खाता येतात."

 

*

यंदा काका रिटायर झाले. मुलगी पुण्याला, तिकडेच कायमचं जायचं ठरलं. सामान गेलं, बरण्या आम्हा लोकांत वाटून झाल्या. राहिली ती एक, मोरिता-सानची. ती भरून पाठवायची पाळी काकांची होती.

आठवडाभर त्यांना झोप नव्हती. मला फोन करून म्हणाले, "भरून दिली तर त्यांना परतभेट द्यावीशी वाटणार, आणि मी तर नसणार. त्यांना रुखरुख लावून कसा जाऊ? आणि रिकामी दिली तर हिला काय सांगू?" 'हिला' म्हणजे काकूंना. नऊ वर्षं त्यांनी ती बरणी रिकामी जाऊ दिली नव्हती.

शेवटी भरलीच. या वेळी शंकरपाळे खुसखुशीत झाले होते. आम्ही दोघं चढ चढून दुकानात गेलो. काकांनी दोन्ही हातांनी बरणी पुढे केली.

मोरिता-साननी शंकरपाळे एका मोठ्या ताटात काढले. बरणी आत नेऊन धुतली, पुसली. आता यात काय भरणार, म्हणून मी बघत होते. काका खाली बघत होते.

त्यांनी काही भरलं नाही. झाकण तेवढं घेतलं, रुमालात बांधलं आणि काकांच्या हातात दिलं. बरणी उघड्या तोंडाची तशीच नेऊन काचेच्या खिडकीत, पहिल्या फळीवर ठेवली.

काकांनी ती पुरचुंडी दोन्ही हातांत धरली.  मी म्हटलं, "मोरिता-सान, झाकणाशिवाय ती कोण विकत घेणार?"

"कोणी नाही," त्या म्हणाल्या आणि चहाचं पाणी ठेवायला आत गेल्या.