पाय टेकायचा नाही

माझी उंची सहा फूट तीन इंच. लातूरला एका क्लासमध्ये मी भौतिकशास्त्र शिकवतो. फळ्याचा वरचा कोपरा पुसायला मला टाचा उचलाव्या लागत नाहीत, एवढाच काय तो उंचीचा फायदा. बाकी सगळीकडे डोकं आपटतं. पस्तिशी उलटल्यावर मला ट्रायल्स मोटरसायकलचं वेड लागलं, आणि ती गाडी तर माझ्यासारख्यांचा सूड घ्यायलाच बनवलेली. तिला बसायला सीट नसते. उभं राहून, दगडधोंड्यांवरून, अगदी हळू चालवायची. हँडल इतकं खाली की माझे गुडघे त्याला लागायचे. नियम एकच, पाय जमिनीला टेकायचा नाही.

नांदेडला एक मिस्त्री जुन्या मोटरसायकली सोलून अशा गाड्या हातानं तयार करायचा. त्याला सगळे उस्ताद म्हणत. दर रविवारी पहाटेची एसटी धरून मी त्याच्याकडे जायचो. अर्धापूरच्या पुढं, केळीच्या बागा संपल्यावर एक खडकाळ माळ होता, तिथं तो शिकवायचा. तयार गाडी एकच होती आणि मागणारे आम्ही तिघं. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "गाडी पैशावर न्हाई, पायावर मिळती. इस्लापूरच्या नदीतला खडक जो पाय न टेकता चढंल, त्याची."

मला ती गाडी हवी होती. लाज वाटावी इतकी हवी होती.

तो मला सर म्हणायचा आणि अरे-तुरे करायचा. "सर, हे पाय हायत का बांबूच्या बल्ल्या? बुटक्याचा पाय पोचत न्हाई, म्हणून त्याला तोल शिकावा लागतो. तुझा लगेच पोचतो, म्हणून तू काईच शिकून राहिला न्हाईस." हँडल थोडं उंच करून द्या, असं मी म्हणालो, तर म्हणाला, "हँडल हाय तेवढंच राहील. तू कमी हो."

सोमवारी माझी पाठ वाकत नसे. गुरुत्वमध्याचं उत्तर चुकलं म्हणून एका विद्यार्थ्याला मी तास संपेपर्यंत एका पायावर उभं केलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दोन महिने झाले तरी माझा पाय खाली जायचा थांबेना. मग उस्तादनं वाटेच्या दोन्ही बाजूंना बाभळीच्या फांद्या अंथरल्या आणि माझे बूट काढून मला रबरी स्लीपर घालायला लावल्या. बाभळीचा काटा स्लीपरमधून आरपार जातो. पहिल्या दिवशी सात काटे निघाले. ते त्यानंच काढले, चिमट्यानं, सावकाश, आणि प्रत्येक काटा मला दाखवून बाजूला ठेवला. बाकीचे दोघं हसत होते. चौथ्या रविवारी एकही काटा निघाला नाही. पाय खाली न्यायचं माझ्या मनातही येईना.

उन्हाळ्यात नदी आटल्यावर आम्ही इस्लापूरला गेलो. माझ्या आधीच्या दोघांनीही पाय टेकले होते. काळ्या खडकाची ती पायरी माझ्या कमरेइतकी होती. कुणी उलटं पडू नये म्हणून उस्ताद डाव्या अंगाला हात पुढं करून उभा राहायचा.

पुढचं चाक वर चढलं. मागचं घसरून डावीकडं सरकलं आणि उस्तादची नडगी चाक आणि खडक यांच्यामध्ये सापडली. तो ओरडला नाही. "थांब," एवढंच म्हणाला. मला स्पष्ट ऐकू आलं. डावा पाय टेकून क्लच दाबला असता तर त्याचा पाय सुटला असता. खडक माझ्या पायापासून वीतभर लांब होता. मी विचार केला. लोक म्हणतात अशा वेळी विचार सुचत नाही, पण मला सुचला. मी पाय गाडीवरच ठेवले आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळला. चाकाला पकड मिळाली, ती त्याच्या नडगीवर. मी वर पोचलो.

दोन ठिकाणी हाड मोडलं होतं. त्याला जीपमध्ये घालताना त्यानं बाकीच्या दोघांना विचारलं, "पाय टेकला का ह्यानं?" ते माझ्याकडं बघत राहिले. मग एक जण म्हणाला, "न्हाई."

महिन्यानं मी त्याच्या घरी गेलो. पाय अजून प्लास्टरमध्ये होता. त्याच्या बायकोनं पाणी दिलं आणि विचारलं, "गाडी घसरली म्हणं दगडावरून?"

मी "हो" म्हणालो.

आता त्यांना गाडीवर उभं राहता येणार नाही, असं डॉक्टरनं सांगितल्याचं ती बोलली आणि चहा टाकायला आत गेली. उस्तादनं उशीखालून चावी काढून माझ्यासमोर ठेवली.

"तुझा पाय पोचत व्हता," तो म्हणाला.

लातूरहून मी माफी मागायला म्हणून निघालो होतो. चावी खिशात घातली आणि गाडी कुठं ठेवलीय, तेवढं विचारलं.