भावजींचा धूमकेतू

भावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी करत होते. तव्यावरची शेकून उतरवली, मग शहरात, छावणी भागात त्यांच्या घरी गेले. भाकरी जाळून माणूस परत येत नाही, हे त्यांनाही पटलं असतं.

माझे हे धाकटे दीर शाळेत गणित शिकवायचे. मी चौथी पास. तरी धूमकेतूचं सगळं मलाच सांगायचे, कारण घरात दुसरं कुणी ऐकत नव्हतं. त्यांचा एक ठरलेला होता, सहा-सात वर्षांनी फिरून येणारा. तो यायचा झाला की दौलताबादला आमच्या गच्चीवर पहाटे दुर्बीण घेऊन हजर. किती उजळ दिसला ते वहीत लिहायचे. दर खेपेला तो जरा मंद व्हायचा. बर्फाचा गोळा तो. सूर्याजवळ आला की वाफ निघते, तिचीच शेपटी होते. वाफ उडून जाते, धूळ मागं राहते. दुधावर साय धरावी तशी त्याच्यावर खपली धरते, मग आतलं काही बाहेर येत नाही. मी म्हणाले, म्हणजे म्हातारपणी आपल्यासारखंच की. तर म्हणाले, "नाय वहिनी, तो गप्प होतो. आपण कुठं होतो?"

मागच्या हिवाळ्यात ते शेवटचे आले. काचबिंदूनं डोळे गेले होते. संजय, त्यांचा मुलगा, दुर्बीण लावून म्हणाला, "दिसतोय दादा, लख्ख." भावजी नुसते हसले. लख्ख दिसायचं त्याचं वय उरलं नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी संजयला चहा टाकायला खाली पाठवलं आणि दुर्बीण मला दिली. कुठल्या ताऱ्याखाली, किती बोटं, सगळं सांगितलं. मी मान अवघडेपर्यंत पाहिलं.

"काही नाही तिथं."

"नीट पाहिलंत?"

"चारदा."

त्यांनी चाचपून वही माझ्याकडं सरकवली. म्हणाले, "मागच्या खेपेलाही नव्हता दिसला. मी 'अंधुक' लिहून ठेवलं. दुसरं लिहवेना."

जन्मभर पोरांना उत्तर चोरलं म्हणून छड्या मारणारा माणूस! खोटं लिहिलंत, मी तोंडावर म्हणाले.

"म्हणून तर तुमच्याकडं आलो, वहिनी. खोडा ते."

मी खोडलं. वर 'दिसला नाही' लिहिलं, खाली यंदाचंही तेच. माझं अक्षर वाकडं, पण वाचता येतं. त्यांनी दोन्ही ओळी मोठ्यानं वाचायला लावल्या, मग वही मिटून माझ्याच मांडीवर ठेवली.

"आहे तो अजून," म्हणाले. "फिरतोय. दिसत नाही एवढंच."

धूमकेतूचं असेल तसं. भावजींबद्दल मी असलं काही म्हणणार नाही, ते गेले. वही माझ्याकडं आहे. पुढच्या खेपेला मी असले आणि जिना चढवला, तर वर जाईन. जे दिसेल तेच लिहीन.