पडद्यावर नसलेला क्लॅम्प

मशीन सुरू करण्याआधी सगळं काम पडद्यावर करून दाखवणारी दोन सॉफ्टवेअरं आज कारखान्यात शेजारी शेजारी चालवून पाहिली. पहिल्यात कापणारं टूल, लोखंड धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पला भिडायच्या बेतात आलं आणि पडदा लाल झाला. दुसऱ्यात क्लॅम्प दाखवायची सोयच नव्हती. टूल त्याच्या जागेतून आरपार गेलं आणि भाग सुबक निघाला.

“दादा, पोथी वाचल्यासारखं काय बघतोस? दुसरंच घेऊ, झटपट आहे,” धाकटा भाऊ म्हणाला.

माझी बायको सुमन गेली, त्या वर्षाचे बेत मीही मनात असेच चालवून पाहिले होते. त्यांत तिचा खोकला मी धरलाच नव्हता. सगळं सुरळीत पार पडत होतं.

“पहिलं घेऊ,” मी म्हणालो.

“अरे, ते फार हळू चालतं.”

“चालू दे. मशीनपाशी तू उभा असणार आहेस.”